पाच नेले, पाच आणले

"रिकामं आहे, हे कोणी बघितलं?"

आमच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं हे वाक्य. डबा असो, बादली असो, गॅसचा सिलिंडर असो, कुणी 'रिकामं आहे' म्हटलं की ते आधी हे विचारत. मग हात पुढे करून ती वस्तू घेत, उलटी करून दोनदा ठोकत आणि मगच परत देत. समोर चहाचा कप आला तरी तो किंचित तिरका करून आत बघणार, मग कप काठोकाठ भरलेला का असेना. त्यामुळे त्यांच्या बशीत नेहमी चहा सांडलेला असे आणि काकू नेहमी वैतागलेल्या.

तुमच्याही इमारतीत असं एखादं माणूस असेल. आपण त्याला विक्षिप्त म्हणतो आणि जिना उतरतो. मीही पहिली दोन वर्षं तेच केलं. मी चित्रकलेचा मास्तर. निवृत्त झाल्यावर लालबागची खोली सोडून भाईंदर पश्चिमेला आलो. माणसांच्या भानगडीत पडायचा माझा स्वभाव नाही. मात्र हातांकडे बघायची खोड आहे, आणि काकांचे हात बघण्यासारखे होते. भाईंदर पूर्वेच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं स्टीलच्या भांड्यांना पॉलिश केलं होतं. बोटांची पेरं काळपट, नखं बोथट, पण चिमूट मात्र सोनाराची.

त्या चिमटीचं कारण मला शहाबेनमुळे कळलं. पहिल्या मजल्यावरच्या या बाई कसल्याही दुखण्यावर होमिओपॅथीच्या गोळ्या खातात. काका त्यांच्याकडून गोळ्यांच्या छोट्या प्लास्टिकच्या बाटल्या मागून नेत. एकदा जिन्यातच शहाबेननी बाटली पुढे केली.

"काका, ये खाली है. ले जाव."

"खाली है, ये किसने देखा?"

"अरे मैंने देखा ने!"

काकांनी बूच काढून बाटली तळहातावर उलटी केली. तीन पांढऱ्या गोळ्या बाहेर पडल्या. शहाबेननी त्या तिथल्या तिथे उचलून तोंडात टाकल्या आणि म्हणाल्या, "चलो, आज का डोस हो गया."

मी काकांना विचारलं, एवढ्या बाटल्यांचं करता काय? ते अगदी सहज म्हणाले, "बार भरतो."

त्यांचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, डोंगराच्या कुशीत. कारखाना सुटल्यापासून श्रावण लागला की काका गावी जात आणि दिवाळी उरकून परत येत. भात आणि उतारावरची नाचणी रानडुकरांपासून आणि वानरांपासून राखायची, हे त्यांचं काम. त्यासाठी घरात एक ठासणीची बंदूक होती, शेती राखायच्या परवान्यावरची. नळीच्या तोंडातून बंदुकीची दारू घालायची, वर काथ्याची बोंडी, मग छर्रे, परत काथ्या, आणि प्रत्येक वेळी लांब गजाने ठासायचं. मागे घोड्याखाली बोटाच्या टोकाएवढी तांब्याची केप बसवायची. घोडा केपेवर आपटला की बार होतो. एक बार उडाला की पुन्हा पहिल्यापासून.

मागे एकदा काशिमीऱ्याच्या डोंगरातून बिबट्या उतरल्याचं मोबाइलवर फिरत होतं. आमचे सेक्रेटरी गमतीत म्हणाले, "काका, आता तुमची बंदूक इकडे आणा." काका हसले नाहीत. म्हणाले, "ती माझी नाही. पिकाची आहे. पीक सोडून ती कुठे जात नाही."

एका वर्षी आश्विनात मी त्यांच्या गावी चार दिवस राहून आलो. चित्रं काढायची म्हणून गेलो होतो, पण चित्रं राहिली बाजूला आणि काकांची तयारी बघण्यातच वेळ गेला.

रानात जायच्या आधी ते अंगणात बसून सामान लावत. शहाबेनच्या पाच बाटल्या. प्रत्येकीत एका बाराची दारू, एका ठरलेल्या मापाने भरलेली. माप म्हणजे बामच्या बाटलीचं जुनं झाकण. काठाबरोबर भरायचं, वरचा ढीग काडीने सारखा करायचा. छर्ऱ्यांच्या पाच पुरचुंड्या. काथ्या वेगळ्या फडक्यात. आणि चपट्या डबीत केपा, त्या मात्र सहा.

"पाच बारांना सहा केपा का?"

"केप पडते हो, मास्तर. दारूला बूच आहे, केपेला नाही. गवतात पडलेली केप देवालासुद्धा सापडायची नाही."

"मग दारूसुद्धा जास्त घ्या की."

"जास्त घेतली की जास्त उडते." मग जरा थांबून म्हणाले, "आणि रानात दुकान नाही."

दुकान जिल्ह्याच्या गावाला, दोन गाड्या बदलून. परवान्यावर लिहिलंय तेवढीच दारू वर्षाला मिळणार. तेवढ्यात श्रावण ते कार्तिक काढायचे, आणि कोकणातली ओल अशी की भिंतीला टेकलं तर सदरा ओला. दारूच्या डब्यात ते भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवत, म्हणजे ओल तांदळाला लागे. दर आठवड्याला तांदूळ नव्याने भाजायचा, पण डब्यापासून लांब, शेजाऱ्यांच्या चुलीवर. स्वतःच्या घरात डबा उघडा असताना चुलीला हात नाही. शेजारीण म्हणे, "ह्येंच्या बंदुकीला पन आमीच जेवायला घालायचं."

पिशवीत बाटल्या लावायची त्यांची रीत अशी की भरलेल्या बाटल्यांचं तोंड वर. बार भरून झाला की तीच बाटली उलटी करून परत पिशवीत, तोंड खाली. न बघता नुसता हात घातला की किती उरले ते कळतं. डोळे तोपर्यंत झाडीवर.

आम्ही सकाळीच डोंगर चढलो. करवंदीच्या जाळ्या ओलांडून वर नाचणीचा तुकडा, त्याच्या कडेला गवताची खोप. ऊन वर आलं तशी वानरांची टोळी रानातून उतरली आणि बांधावर बसून कणसांकडे बघू लागली. मी म्हटलं, आता बार होणार. काका उठले, दोन नारळाच्या करवंट्या एकमेकींवर आपटल्या, घसा फाटेस्तोवर ओरडले. वानरं चार झाडं मागे गेली. परत आली. परत करवंट्या. बंदूक दिवसभर खोपीच्या मेढीला टेकून रिकामीच उभी होती. मला, खरं सांगतो, जरा वाईट वाटलं. मुंबईच्या माणसाला बार ऐकायचा होता.

संध्याकाळी घरी आलो. ओटीवर त्यांचे थोरले भाऊ बसले होते. काका त्यांना दादा म्हणत. दादांचा डावा डोळा मिटलेला, त्या बाजूच्या गालावर निळसर काळे ठिपके, कायमचे. त्यांनी विचारलं, "किती?"

"पाच नेले, पाच आणले," काका म्हणाले.

"मग बरा गेला दिस," दादा म्हणाले, आणि कपाटाच्या किल्लीसाठी कमरेला हात घातला. बंदूक, पिशवी, डबी कपाटात. किल्ली दादांच्या करगोट्याला. परवाना धाकट्याचा, किल्ली थोरल्याची, अशी वाटणी होती.

दादांच्या डोळ्याबद्दल मी काही विचारलं नाही. काकांनीच दुसऱ्या दिवशी खोपीत सांगितलं, बाटल्या पुसता पुसता.

काका तेव्हा एकोणीस वर्षांचे. दोघे भाऊ तिन्हीसांजेला भाताच्या राखणीला. दादा बार उडवायचे, काका ठासून द्यायचे. डुकरं आली. दादांनी चाप ओढला आणि त्याच क्षणाला शेजारच्या शेतातल्या चुलत्यांनीही ओढला. मोठा आवाज झाला. तो चुलत्यांच्या बंदुकीचा. दादांची केप नुसती फुटली होती, आत बार तसाच होता. पण दादांना वाटलं आपलाच उडाला. बंदूक मागे देत ते म्हणाले, "रिकामी हाय, ठास." काकांनी ठासली. एका बारावर दुसरा बार. पुढच्या वेळी चाप ओढला तेव्हा नळी मागच्या बाजूने फुटली.

"तो म्हणतो, रिकामी आहे असं मीच सांगितलं, चूक माझी," काका म्हणाले. "पण गज माझ्या हातात होता. एकदा आत घालून बघायचं, एवढंच. मी विचारलंच नाही."

त्यानंतर घेतलेल्या बंदुकीच्या गजावर त्यांनी सुरीने एक वळं कोरलं. नळी रिकामी असली की गज आत जाऊन ते वळं बरोबर नळीच्या तोंडाशी येतं. आत बार असला की वळं चार बोटं वर राहतं. ठासायच्या आधी गज, ठासल्यावर गज, घरी आल्यावर गज. चाळीसहून जास्त वर्षं त्यांनी हे एकदाही चुकवलं नव्हतं.

मी एवढं ऐकून घेतलं आणि नाचणीचं एक चित्र काढलं.

आमच्या इमारतीची जमिनीखालची पाण्याची टाकी काकाच मोजत. चिव्याच्या बांबूच्या लांब काठीवर खुणा करून ठेवल्या होत्या. वॉचमन 'टंकी खाली है' म्हणाला की काठी घेऊन ते खाली. निम्म्या वेळा टँकर वाचे. गेल्या वर्षी एका सकाळी ते टाकीवरून वर आले, माझ्या दारात थांबले आणि म्हणाले, "मास्तर, मी टाकी बघितली का?" काठी त्यांच्या हातात ओली होती.

मी म्हटलं, "आत्ताच बघितलीत." ते हसले. त्या आठवड्यात त्यांनी हे तीनदा विचारलं.

त्या वर्षीही ते गावी गेले. कोणाचं ऐकणार! पण दिवाळीआधीच मुलगा गाडी घेऊन त्यांना घेऊन आला. रानातून उतरताना चक्कर येऊन बसले होते, खोप कुठल्या दिशेला ते सांगता येईना. मुलाने त्यांना तसंच गाडीत घातलं. त्या गडबडीत बंदूक आणि पिशवी नुसती कपाटात गेली, दादांचं 'किती?' विचारायचं राहून गेलं. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. प्रवास बंद. विसरणं वाढत जाईल, असं सांगितलं. मुलगा चांगला आहे, पण घाईचा. त्याने बापाला एकदा नीट समजावलं आणि कामाला गेला.

मग निवडणूक आली. निवडणुकीच्या आधी परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करतात. पोलीस पाटलांचा निरोप गावी दादांच्या मुलाकडे, म्हणजे काकांच्या पुतण्याकडे आला, पुतण्याने काकांच्या मुलाला फोन केला. काकांच्या सहीचं पत्र घेऊन पुतण्या मोटारसायकलवरून बंदूक ठाण्यात पोचवणार, असं ठरलं.

त्या दिवशी दुपारी काका माझ्याकडे आले. पायात चपला नव्हत्या.

"मास्तर, मी ती भरलेली ठेवली की रिकामी?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"मुलगा काय म्हणतो?"

"म्हणतो, पप्पा, रिकामीच असेल." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हे कोणी बघितलं? मला आठवत नाही. रोज गज घालतो. त्या दिवशी घातला का? पुतण्या पाठीला लावून नेणार. ठाण्यात शंभर हात लागतील. कोण घोडा ओढून बघेल, कोण केप लावून बघेल."

मी माझ्या मोबाइलवरून पुतण्याला व्हिडिओ कॉल लावला. तो अंगणातच होता. मोटारसायकल उभी, तिच्या सीटवर गोणपाटात गुंडाळलेली बंदूक. मी त्याला थांबायला सांगितलं आणि फोन दादांकडे द्यायला लावला. पडद्यावर आधी नुसतं कौलारू छप्पर दिसलं, मग दादांचा चेहरा. मिटलेला डोळा पडद्याच्या अगदी जवळ.

काकांचा आवाज बदलला. मी त्यांना गेल्या सहा महिन्यांत इतकं स्वच्छ बोलताना ऐकलं नव्हतं.

"दादा, गोणपाट सोडायचं नाही. आधी कपाटातली पिशवी आण. बाटल्या बघ. तोंड वर किती?"

दादांनी पिशवी आणली, हाताने चाचपली. "चार उब्या. येक उलटी."

"आता डबी. केपा मोज."

बराच वेळ गेला. म्हाताऱ्या बोटांना केपा सापडत नव्हत्या. शेवटी दादा म्हणाले, "सा."

"परत मोज."

"सा हायत रे. सा."

काकांनी माझ्या टेबलाची कड धरली. "दारू एका बाराची गेली आणि केप एकही नाही गेली," ते मला म्हणाले. "मास्तर, ती आत आहे."

मग त्यांनी दादांकडून एकेक गोष्ट करून घेतली. पुतण्याला लांब, विहिरीपलीकडे उभं केलं. आता गोणपाट सोड. नळीचं तोंड आभाळाकडे, कुणाच्याही अंगावर नाही. घोड्याखाली केप आहे का बघ. नाय. घोड्याला हात लावू नको. आता गज हळू सोड, दाबायचा नाही, आपल्या वजनाने जाऊ दे. फोन ओट्यावर कशाला तरी टेकवलेला होता, त्यात दादांचे दोन हात, नळी आणि गज एवढंच दिसत होतं. गज खाली गेला आणि थांबला.

"वळं कुठाय?"

दादांनी वाकून बघितलं. मग वळं आणि नळीचं तोंड यांच्यामध्ये आपली बोटं आडवी लावली. एक, दोन, तीन, चार.

मी चाळीस वर्षं मुलांना हात काढायला शिकवलं. तसा हात मी कधी बघितला नव्हता.

"पाणी आण," काका म्हणाले. "गज काढ आणि नळीत पाणी ओत. तोंडापर्यंत. दारू मेली पाहिजे. ठाण्यात जाऊन सांगा, आत भिजलेला बार आहे, त्यांच्यासमोर काढून घ्या."

दादांनी तांब्याने पाणी ओतलं. ते ओसंडून अंगणात पडलं तेव्हा काका माझ्या खुर्चीत बसले आणि रडायला लागले. मोठ्याने. "भरलेली ठेवली मी, दादा. भरलेली ठेवून आलो. पोरगा पाठीला बांधून निघाला होता."

दादांनी फोन उचलून तोंडाजवळ धरला. एवढ्या लांबून, त्या फुटक्या आवाजातही, ते रागावले नव्हते हे कळत होतं.

"अरे, गप," ते म्हणाले. "या टायमाला तू इचारलंस ना."

मी उठून आत चहा करायला गेलो.

बंदूक परत आणायची नाही, हे काकांनी त्याच दिवशी ठरवलं. परवाना सोडत असल्याचा अर्ज मी लिहिला, सही त्यांनी केली. बंदूक ठाण्यातच राहिली, उरलेली दारू आणि केपाही रीतसर तिकडेच गेल्या. सही करताना त्यांनी पेनचं टोपण काढून आत बघितलं. मी हसलो, तेही हसले.

पुढे विसरणं वाढत गेलं. टाकी गेली, जिना गेला, मग मी गेलो. मला ते 'साहेब' म्हणू लागले. मुलाला कधी ओळखत, कधी नाही. कप मात्र तिरका करून बघत. काकू आता वैतागत नव्हत्या, बशी मोठी द्यायला लागल्या होत्या.

वैशाखात दादा आले. ऐंशीच्या पुढचा माणूस, पुतण्याचा हात धरून तीन मजले चढला, कारण लिफ्ट बंद होती. पिशवीतून आमसुलं काढली, काजू काढले आणि शेवटी त्या पाच रिकाम्या बाटल्या, स्वच्छ धुतलेल्या. काकांनी दादांकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. काकू म्हणाल्या, "अहो, दादा आलेत." काकांनी मान डोलावली, पाहुण्याला डोलावतात तशी. दादा समोर बसले. एका डोळ्याने बघत राहिले. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं.

मग दादांनी ओटीवरच्याच आवाजात विचारलं, "किती?"

काकांचा हात मांडीवरून उठला, शेजारच्या बाटल्यांवरून फिरला. एकेक बाटली त्यांनी उचलली, उलटी करून तळहातावर दोनदा आपटली आणि खिडकीच्या कठड्यावर उभी केली, तोंड वर. पाचही.

"पाच नेले," ते म्हणाले, "पाच आणले."

"मग बरा गेला दिस," दादा म्हणाले आणि डोळा पुसला, तो मिटलेला.

काका त्यानंतर आठ दिवसांनी गेले. हल्ली टाकी मी मोजतो, त्यांच्याच काठीने, पण मला ती त्यांच्याइतकी नीट मोजता येत नाही. वर चढताना तिसऱ्या मजल्यावर थांबतो. काकू दार उघडं ठेवतात. खिडकीतल्या बाटल्या त्या रोज उचलतात, खालची धूळ पुसतात आणि परत तशाच ठेवतात. पाच, ओळीने, तोंड वर.